पेटीतली बाळे आणि त्यांचे डोळे

जामनेरला आमच्या आजोळी एक गोष्ट नेहमी सांगितली जाई. माझे थोरले मामा अपुऱ्या दिवसांचे, सातव्या महिन्यातच जन्मले. १९५३ सालची ही गोष्ट. तळहाताएवढे बाळ, धड रडण्याचीही ताकद नाही. आजीने घरच्या कापसातली सरकी काढली, कापूस पिंजून मऊ केला आणि त्यात बाळाला गुंडाळून सुपात ठेवले. खोलीत रात्रंदिवस शेगडी. दुधात भिजवलेल्या वातीने एकेक थेंब तोंडात. मामा जगले. जन्मभर शेती केली आणि सत्तरी उलटल्यावरही येणाऱ्या एस.टी.ची पाटी लांबूनच वाचून दाखवतात.

एक गोष्ट मात्र आजी सांगत नसे. मामांच्या आधी आणखी दोन बाळे अशीच अपुऱ्या दिवसांची झाली होती, आणि त्यांनाही तोच कापूस गुंडाळला होता.

२०१६ साली मामांच्या धाकट्या मुलीला, म्हणजे माझ्या मामेबहिणीला, तिसाव्या आठवड्यात मुलगी झाली. वजन १३०० ग्रॅम. जळगावच्या एका दवाखान्यात तिला पेटीत ठेवले, नाकाला ऑक्सिजनची नळी लावली. मामा फोनवर म्हणाले, "मले कापसात ठेवलं व्हतं, हिले काचेत ठेवलं." मग पाच आठवडे घरात एकच प्रश्न चालला होता: आज वजन किती वाढले? मी मात्र विचारले, की डोळे केव्हा तपासणार? त्याचे उत्तर कोणाकडे नव्हते. सुटी मिळताना दिलेल्या कार्डावर लसींच्या तारखा होत्या, डोळ्यांच्या तपासणीची तारीख नव्हती.

हा प्रश्न मला सुचला यात माझी हुशारी काही नाही. मी रक्तवाहिन्यांच्या पेशींवर काम करते, त्यामुळे एका आजाराचा इतिहास माझ्या वाचनात आलेला होता. तो इतिहास शिक्षकांनी माहीत करून घ्यावा असा आहे. एक तर तो आपल्या वर्गातल्या मुलांपर्यंत येऊन पोहोचतो. शिवाय 'प्रयोग कशाला म्हणतात' हे समजावून सांगायला याहून बोलके उदाहरण मला तरी माहीत नाही.

त्याची सुरुवात अमेरिकेत बॉस्टनला झाली. थिओडोर टेरी या नेत्रतज्ज्ञाकडे १९४० च्या सुमारास काही तान्ही बाळे आणली गेली. त्यांच्या बाहुलीत काळेपणाऐवजी पांढुरकी छटा दिसत होती. नेत्रभिंगाच्या मागे तंतुमय पडदा तयार झाला होता आणि बाळे पूर्ण अंध होती. टेरीने १९४२ साली याची नोंद प्रसिद्ध केली. ही सगळी बाळे फार अपुऱ्या दिवसांची होती. पुढे या आजाराला 'रेट्रोलेंटल फायब्रोप्लेझिया' असे नाव पडले. त्याचा अर्थ एवढाच, की भिंगामागे तंतू वाढले. कारण कळले नसले म्हणजे असे केवळ वर्णन करणारे नाव द्यावे लागते. आज याच आजाराला 'रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी', थोडक्यात आर.ओ.पी., म्हणतात. टेरी १९४६ साली वारला. कारण त्याला अखेरपर्यंत समजले नाही.

रोगी वाढत गेले आणि त्यात एक चमत्कारिक गोष्ट दिसू लागली. आजार साधारणपणे गरिबाच्या घरी आधी जातो. हा आजार मात्र सर्वांत सुसज्ज रुग्णालयांत सर्वांत जास्त आढळत होता. इंग्लंडमध्ये तो आधी जवळजवळ नव्हता. १९४८ साली तेथे राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, नवी साधने आली आणि पाठोपाठ अंध बाळेही आली. १९४२ ते १९५४ या काळात जगभरात सुमारे दहा हजार बाळे या आजाराने अंध झाली असा अंदाज आहे. १९५० साली जन्मलेला प्रसिद्ध गायक स्टीव्ही वंडर त्यांपैकीच एक.

संशयितांची यादी लांबलचक होती. जीवनसत्त्वे, लोह, गाईचे दूध, प्रखर प्रकाश, आईचा एखादा आजार, अशा अनेकांवर बोट ठेवले गेले. प्रत्येकाच्या बाजूने थोडा पुरावा मिळे आणि पुढच्या रुग्णालयात तो विरून जाई.

या धांदलीतच न्यूयॉर्कमध्ये विल्यम सिल्व्हरमन या तरुण बालरोगतज्ज्ञाने ए.सी.टी.एच. हे तेव्हा नवीनच असलेले संप्रेरक वापरून पाहिले. आजाराची सुरुवात दिसताच त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एकूण ३१ बाळांना ते दिले. त्यांतली २५ बाळे चांगली दृष्टी घेऊन घरी गेली. जवळच्या दुसऱ्या रुग्णालयात हे औषध मिळाले नव्हते अशी थोडी बाळे होती, त्यांतली बहुतेक अंध झाली. ही गोष्ट आठवीच्या वर्गात इथपर्यंतच सांगा आणि विचारा, "औषध लागू पडले ना?" सगळा वर्ग हो म्हणेल. सिल्व्हरमनलाही तसेच वाटले होते. तरी शंका राहू नये म्हणून त्याने रीतसर चाचणी घेतली. डब्यात दोन रंगांच्या गोट्या ठेवल्या. न पाहता गोटी उचलायची आणि तिच्या रंगावरून बाळाला औषध द्यायचे की नाही हे ठरवायचे. डॉक्टरच्या मायेला किंवा मताला तेथे वावच नव्हता. निकाल उलटा आला. औषध मिळालेल्या बाळांतली सुमारे एक तृतीयांश अंध झाली, न मिळालेल्यांतली एक पंचमांश. शिवाय औषधाच्या गटात मृत्यूही जास्त झाले.

मग ती २५ बाळे कशाने बरी झाली? ती आपोआप बरी झाली. हा आजार सुरू झालेल्या बहुतेक बाळांमध्ये तो स्वतःहून ओसरतो. हे ठाऊक नसेल तर कोणतेही औषध, अगदी साखरेची गोळीसुद्धा, रामबाण ठरते. गंडेदोरे बांधणाऱ्याचाही धंदा याच नियमावर चालतो. फरक इतकाच, की सिल्व्हरमनने स्वतःचा गंडा स्वतःच सोडून पाहिला. पुढे आयुष्यभर तो ही चूक स्वतःच्या नावानिशी सांगत आणि लिहीत राहिला. शास्त्रज्ञांमध्ये ही गोष्ट वाटते तितकी सर्रास आढळत नाही.

खरा गुन्हेगार मात्र सर्वांच्या डोळ्यांदेखत, पेटीच्या आतच होता. अपुऱ्या दिवसांचे बाळ अडखळत श्वास घेते, मध्येच थांबते. भरपूर ऑक्सिजन दिला की श्वास नियमित होतो, हे १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला दिसले होते. नव्या पेट्या चांगल्या बंदिस्त होत्या आणि त्यांत ऑक्सिजन टिकून राही. बाळ निळे नसले तरी दिवसचे दिवस, आठवडेच्या आठवडे, निम्म्याहून अधिक ऑक्सिजन असलेल्या हवेत ते ठेवले जाई. प्राणवायूच तो! जास्त झाला म्हणून काय बिघडणार?

१९५१ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी ही समजूत तपासली. तेथील तीन संस्थांमध्ये ऑक्सिजन देण्याची रीत वेगवेगळी होती. सढळ हाताने ऑक्सिजन मिळालेल्या बाळांत आजाराचे प्रमाण शेकडा १९ च्या आसपास भरले, बेताने मिळालेल्यांत शेकडा ७. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या मेरी क्रॉस यांनाही त्याच सुमारास हाच संशय आला.

वॉशिंग्टनमध्ये आर्नल पॅट्झ या नेत्रतज्ज्ञाने मग दोन गट करून पाहायचे ठरवले. एका गटाला नेहमीसारखा भरपूर ऑक्सिजन, दुसऱ्याला गरजेपुरता. सरकारी संस्थेने पैसे नाकारले, कारण अशक्त बाळांचा ऑक्सिजन तोडणे त्यांना अनैतिक वाटले. पॅट्झने भावाकडून उसने पैसे घेऊन काम सुरू केले. तेथे आणखी एक अडचण आली, आणि ती मला फार मानवी वाटते. रात्रपाळीच्या काही परिचारिकांना कमी ऑक्सिजनच्या गटातल्या बाळांची दया येई आणि डॉक्टर घरी गेले की त्या चावी हळूच वाढवून ठेवत. त्यांना दोष देववत नाही. आपणही तेच केले असते. तरीही कल दिसला तो स्पष्ट होता: आजाराचे गंभीर रूप भरपूर ऑक्सिजनच्या गटातच आढळले.

शेवटचा निवाडा १९५३-५४ साली झाला. अमेरिकेतील १८ रुग्णालयांनी मिळून दीड किलोपर्यंतच्या ७८६ बाळांवर एकाच नियमाने चाचणी घेतली. भरपूर ऑक्सिजनच्या गटात शेकडा २३ बाळांच्या डोळ्यांत कायमचे व्रण राहिले, मोजक्या ऑक्सिजनच्या गटात शेकडा ७. सप्टेंबर १९५४ मध्ये निकाल जाहीर होताच रुग्णालयांतल्या चाव्या फिरल्या आणि साथ ओसरली.

ऑक्सिजनने डोळ्यांत नेमके काय होते? आईच्या पोटात साधारण सोळाव्या आठवड्यापासून बाळाच्या दृष्टिपटलावर रक्तवाहिन्या पसरू लागतात. त्या मध्यापासून, म्हणजे दृष्टिचेता जेथून निघते तेथून, कडेकडे सरकत जातात आणि पूर्ण दिवस भरताना कडेपर्यंत पोहोचतात. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाचे हे काम अर्धवटच झालेले असते. आपल्या शेतातला पाट डोळ्यांसमोर आणा. पुढचे वाफे तहानलेले आहेत म्हणून माणूस पाट पुढे खणत जातो. गर्भात ऑक्सिजन कमी असतो, म्हणजे वाफ्यांना तहान असते आणि खणणे शिस्तीत चालते. बाळ बाहेर आले आणि त्याला भरपूर ऑक्सिजन मिळाला, म्हणजे शेतात टँकर आला. तहान संपली, खणणे थांबले, खणलेले पाटही बुजू लागले. काही आठवड्यांनी टँकर गेला. आता पीक वाढलेले आणि पाट अपुरा. मग घाईने वेडेवाकडे चर खणले जातात, बांध फुटतात, पाणी भलतीकडे जाते. डोळ्यात या नव्या, कच्च्या वाहिन्या दृष्टिपटल सोडून काचद्रवात घुसतात, त्यांतून रक्त झिरपते, व्रण होतो. तो व्रण आक्रसला की दृष्टिपटल ओढून सोडवतो. लंडनच्या नॉर्मन ॲश्टन यांनी १९५० च्या दशकात मांजरीच्या पिलांवर हे दोन्ही टप्पे दाखवले. पिलांच्या डोळ्यांतल्या वाहिन्याही जन्मानंतरच पूर्ण वाढतात, म्हणून ती निवड होती. तहानलेले दृष्टिपटल 'वाहिन्या वाढवा' असा जो रासायनिक निरोप धाडते, तो व्ही.ई.जी.एफ. नावाच्या प्रथिनाचा असतो, हे कळायला मात्र १९८० आणि १९९० ची दशके उजाडावी लागली.

गोष्ट १९५४ सालीच सुखान्त झाली असे पूर्वी पाठ्यपुस्तकांतून सांगत. ते खरे नाही. ऑक्सिजन ४० टक्क्यांच्या वर न्यायचाच नाही असा नियम बसला आणि तो डोळे मिटून पाळला गेला. त्या मोठ्या चाचणीत एक फट राहून गेली होती. बाळे दोन दिवसांची झाल्यावर मगच तिच्यात घेतली जात. पहिल्या ४८ तासांत ऑक्सिजनअभावी जी दगावतील ती हिशोबात येणारच नव्हती. १९७३ साली केनेथ क्रॉस या ब्रिटिश शास्त्रज्ञाने मृत्यूच्या नोंदी चाळून अंदाज बांधला, की वाचलेल्या प्रत्येक दृष्टीमागे सुमारे १६ बाळांचे प्राण गेले असावेत. आकड्याबद्दल वाद होऊ शकतो, दिशेबद्दल फारसा नाही. २०१० साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीतही हीच ओढाताण पुन्हा दिसली. रक्तातील ऑक्सिजनची पातळी ८५ ते ८९ टक्के ठेवली तर डोळ्यांचा गंभीर आजार निम्म्याहून कमी झाला (१७.९ वरून ८.६ टक्के), पण मृत्यू १६.२ वरून १९.९ टक्क्यांवर गेले. म्हणून आज पातळी सर्वसाधारणपणे नव्वदीच्या पहिल्या पाच टक्क्यांत राखतात आणि डोळ्यांवर वेगळी नजर ठेवतात. ऑक्सिजनचा धोका पूर्णपणे टाळता येत नाही. त्यामुळे डोळ्यांची तपासणी हा उपचाराचाच भाग ठरतो.

तशी नजर ठेवून उपयोग व्हायला उपाय हाताशी लागतो. तो १९८८ साली आला. दृष्टिपटलाचा वाहिन्या न पोहोचलेला कडेचा भाग गोठवून टाकला तर 'वाहिन्या वाढवा' हा निरोपच बंद होतो. दृष्टी जाण्याचे प्रमाण यामुळे जवळपास निम्म्यावर आले. पुढे गोठवण्याऐवजी लेसर आला. २०११ पासून व्ही.ई.जी.एफ.ला अडवणारे औषध डोळ्यात टोचण्याचा मार्गही मोठ्या चाचणीने दाखवला. मात्र वेळ फार थोडा असतो. गंभीर अवस्था दिसली की दोन-तीन दिवसांत उपचार व्हावा लागतो. दृष्टिपटल पूर्ण सुटल्यावर शस्त्रक्रिया करूनही फारसे हाती लागत नाही.

आता आपल्याकडे येऊ. १९९७ साली क्लेअर गिल्बर्ट या ब्रिटिश नेत्रतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या देशांतल्या अंधशाळांमधल्या मुलांची कारणे तपासली आणि एक विलक्षण नमुना मांडला. ज्या देशांत हजार जन्मांमागे साठाहून अधिक अर्भके दगावतात, तेथे आर.ओ.पी. दिसत नाही. अपुऱ्या दिवसांची बाळे तेथे जगतच नाहीत. जेथे हे प्रमाण दहाच्या खाली आहे, तेथे तो आटोक्यात आहे. मधल्या पट्ट्यात तो फोफावतो. पेट्या आणि ऑक्सिजन आलेले असतात, मोजमाप आणि तपासणी आलेली नसते. बॉस्टनला जे १९४२ मध्ये झाले तेच निराळ्या देशांत निराळ्या दशकांत होते. महाराष्ट्राचा अर्भक मृत्युदर १९९० च्या दशकात साठाच्या खाली उतरला आणि २०२० साली तो १६ होता. म्हणजे या तीस वर्षांत आपण नेमके त्या मधल्या पट्ट्यातून चाललो आहोत. माझी आजी पट्ट्याच्या अलीकडे होती, तिची नात मधोमध.

महाराष्ट्रातल्या ३५ अंधशाळांमधल्या मुलांची तपासणी परीक्षित गोगटे आणि सहकाऱ्यांनी २००२ ते २००५ या काळात केली. १७७८ मुलांपैकी शेकडा ४१ जणांच्या डोळ्यांत जन्मतःच दोष होता. शेकडा २२ जणांचे बुबुळाच्या पारदर्शक पडद्यावरचे विकार होते. त्यात 'अ' जीवनसत्त्वाची कमतरता आणि गोवर यांचा जुना वाटा येतो. दृष्टिपटलाचे विकार शेकडा ११. एक तृतीयांशाहून अधिक मुलांचे अंधत्व टाळता किंवा बरे करता येण्याजोगे होते. हे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अंधशाळेतला दहा वर्षांचा मुलगा दहा वर्षांपूर्वीच्या दवाखान्याची साक्ष देत असतो. जिल्ह्याजिल्ह्यांत नवजात कक्ष उघडले ते त्यानंतर. भारतातला अशा जिल्हा पातळीवरच्या कक्षाचा पहिला नमुना पश्चिम बंगालमधील पुरुलियात २००३ साली उभा राहिला, मग ते देशभर पसरले. त्या बाळांचे डोळे या पाहणीत आलेलेच नाहीत.

आणखी एक भेद आपल्या डॉक्टरांच्या लक्षात आला. अमेरिकेत दीड किलोच्या खालच्या किंवा तीस आठवड्यांपर्यंतच्या बाळांचे डोळे तपासतात. आपल्याकडे त्याहून मोठ्या, पावणेदोन किलोच्या बाळांनाही हा आजार गाठतो. म्हणून भारतातला नियम रुंद आहे: जन्माचे वजन दोन किलोंपेक्षा कमी किंवा ३४ आठवड्यांआधी जन्म, तर तिसाव्या दिवसाच्या आत तपासणी. फारच लहान बाळ असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. हैदराबादच्या सुभद्रा जलाली यांनी ही तीस दिवसांची मर्यादा लोकांच्या ध्यानात राहावी म्हणून पुष्कळ खटपट केली. कर्नाटकात बंगळूरच्या आनंद विणेकर यांनी २००८ पासून तंत्रज्ञांना कॅमेरा देऊन गावोगावच्या नवजात कक्षांत पाठवले. छायाचित्रे शहरातला तज्ज्ञ पाहतो. पुण्यात एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयाचे डॉक्टर नवजात कक्षांत स्वतः जाऊन तपासू लागले. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून या आजाराचा समावेश आहे. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या एका मुलीला सुमारे एक कोटी ऐंशी लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. १९९६ साली अपुऱ्या दिवसांची जन्मलेली ही मुलगी, तिच्या डोळ्यांची तपासणी वेळेत करा असे आईवडिलांना कोणी सांगितलेच नव्हते.

म्हणजे कार्डावर एक ओळ नसण्याची किंमत न्यायालयाने लावून झाली होती, त्याला वर्ष उलटले होते, तरी माझ्या भाचीच्या कार्डावर ती ओळ नव्हती. दवाखान्याने बाळाला जगवले याबद्दल आम्ही आजही कृतज्ञ आहोत. पण ते दुसरे काम कोणाचे, बालरोगतज्ज्ञाचे की नेत्रतज्ज्ञाचे, हे तेथे कोणी ठरवलेच नव्हते.

बाळ तेव्हा छत्तीस दिवसांचे होते. ओळखीच्या डॉक्टरांनी औरंगाबादचा (आताचे छत्रपती संभाजीनगर) पत्ता दिला. पहूर, फर्दापूर, अजिंठ्याचा घाट, सिल्लोड अशी ती वाट. बहिणीने बाळाला छातीशी उघड्या अंगाने धरले, वरून शाल घेतली आणि मामा पुढे बसले. तपासणीला पाच-सात मिनिटे लागली. डोळ्यांत थेंब घालून बाहुली मोठी केली, बधिर करणारे औषध टाकले, चिमट्याने पापण्या उघड्या धरल्या. डॉक्टरांच्या डोक्याला दिवा आणि हातात भिंग. बाळ खूप रडले, मामा बाहेर जाऊन उभे राहिले. वाहिन्या कडेपर्यंत पोहोचल्या नव्हत्या आणि त्यांच्या टोकाशी उंचवट्याची रेघ आली होती. दोन आठवड्यांनी पुन्हा. तिसऱ्या खेपेला रेघ ओसरू लागली होती. चौथ्या खेपेला वाहिन्या कडेला टेकल्या. लेसरची गरज पडली नाही. ती त्या बहुसंख्य बाळांपैकी निघाली, सिल्व्हरमनच्या पंचवीस बाळांसारखी.

आज ती नऊ वर्षांची आहे. दुसरीत असताना फळ्यावरचे न लिहिता ती शेजारणीच्या वहीत पाहून लिहिते, हे तिच्या बाईंच्या ध्यानात आले. अपुऱ्या दिवसांच्या मुलांत पुढे जवळचा चष्मा, तिरळेपणा, एक डोळा मंद राहणे, हे इतर मुलांहून जास्त आढळते. आर.ओ.पी. आपोआप बरा झाला असला तरीही. बाईंनी आईला बोलावून विचारले, "हिच्या जन्माच्या वेळी काही अडचण होती का?" आईने जुने कार्ड नेऊन दाखवले. लसींच्या छापील तारखांखाली मोकळ्या जागेत औरंगाबादच्या डॉक्टरांनी लाल शाईने चार तारखा लिहिलेल्या आहेत. त्यांच्या खाली बहिणीने आता चष्म्याचा नंबर आणि पुढच्या तपासणीचा महिना लिहून ठेवला आहे.